गोळी घेतली का, हे कळायचं कसं?

वाचकांचे प्रश्न : एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलामुलींची रोजची औषधं

या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच काळजीची आहेत. घरातलं मूल जन्मापासून एचआयव्हीसह जगतंय, आता वयात आलंय, आणि लहानपणी निमूटपणे घेतलेली गोळी चुकवायला लागलंय. आपल्याकडे सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रांत ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००६ मध्ये सुरू झाला. तेव्हा औषधं सुरू केलेली बाळं आज कॉलेजात आहेत किंवा नोकरी शोधताहेत. म्हणजे औषधं काम करतात, एवढं सिद्ध झालं आहे. आता प्रश्न आहे तो रोज ती पोटात जाण्याचा. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील आम्ही काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझा नातू १४ वर्षांचा आहे, त्याला आईवडील नाहीत. दर महिन्याला मी त्याच्यासोबत केंद्रात जाते. तिथं गोळ्या मोजतात, हिशेब कायम बरोबर निघतो. तरी या खेपेला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) १८,००० आला. डॉक्टर म्हणाले, पोरगा गोळ्या घेत नाही. मग मोजणी बरोबर कशी?

उत्तर : आजी, मोजणीतून डबीत किती गोळ्या उरल्या एवढंच कळतं. ज्या उरल्या नाहीत त्या पोटात गेल्या की मोरीत, हे मोजणीला ठाऊक नसतं.

हा हिशेब तुम्हालाही घरी करता येईल. समजा १ जूनला केंद्रातून ३० गोळ्यांची डबी मिळाली आणि घरी आधीच्या ३ शिल्लक होत्या. एकूण झाल्या ३३. तुम्ही २९ जूनला सकाळी परत गेलात. गोळी रात्री घ्यायची असेल, तर १ ते २८ जून अशा २८ गोळ्या संपायला हव्यात आणि ५ उरायला हव्यात. डबीत ९ निघाल्या तर २४ घेतल्या, म्हणजे २८ पैकी २४, सुमारे ८६ टक्के. आता नेहमीची चूक बघा. घरच्या त्या ३ धरल्याच नाहीत, तर हिशेब २१ गोळ्यांचा होतो, ७५ टक्के येतात आणि मुलाला विनाकारण बोलणी बसतात. म्हणून रिकामी असो वा अर्धी, घरातली प्रत्येक डबी सोबत न्या. डबीत फक्त २ निघाल्या तर हिशेब ११० टक्क्यांवर जातो. तेव्हा गोळ्या हरवल्या, टाकल्या, कुणाला दिल्या की एका दिवशी दोन घेतल्या, हे विचारावंच लागतं.

नातवाचा हिशेब महिनोन्‌महिने अगदी काटेकोर शंभर येत असेल, तर १४ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आम्हाला तेवढ्यावरूनच शंका येते. या वयात एखादी तरी राहतेच. केंद्रात किंवा घरी ओरडा बसतो हे मुलांना कळलेलं असतं, म्हणून जायच्या आदल्या दिवशी जास्तीच्या गोळ्या संडासात किंवा कचऱ्यात जातात. दप्तराच्या आतल्या कप्प्यात, गादीखाली, खिडकीच्या मागे गोळ्या सापडल्या तर आरडाओरडा करू नका. 'जड जातंय का रे?' एवढं विचारा आणि थांबा.

व्हायरल लोड वाढायला इतरही कारणं असतात आणि ती डॉक्टरांनी तपासायलाच हवीत. गोळी कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर जाते का? टीबीचं औषध चालू आहे का? वजन वाढलं तरी डोस जुनाच आहे का? गोळीनंतर उलटी होते का? घरात आणखी कुणी औषधावर असेल, तर गोळ्यांची अदलाबदल होते का? विषाणूनं औषधाला दाद देणं सोडलं आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

आता पुढं काय, ते सांगतो. १,००० किंवा त्याहून जास्त लोड आला की केंद्रात 'स्टेप-अप' समुपदेशन सुरू होतं. तीन महिने दर महिन्याला बोलावतात, अडचण शोधतात, गोळ्या नीट चालू आहेत याची खात्री झाली की लोड पुन्हा तपासतात. औषध बदलायचं की नाही, ते त्या दुसऱ्या रिपोर्टवर ठरतं. सध्याच्या डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या औषधाला दाद देणं विषाणू सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे तीन महिने गोळी खरोखर पोटात गेली, तर बहुतेक मुलांचा आकडा खाली येतो.

हे तीन महिने गोळीच्या वेळी त्याच्याजवळ बसा. गोळी त्यानं स्वतः काढायची, पाण्याबरोबर तुमच्यासमोर घ्यायची, मग दोन मिनिटं क्रिकेट, शाळा, काहीही बोला. तोंड उघडून दाखवायला लावू नका. आणि 'तुझ्या आईसारखं होईल' हे वाक्य कितीही जिभेवर आलं तरी उच्चारू नका. त्या वाक्यानंतर मुलं खोटं बोलायला लागतात, आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक आहे. मुलं माझ्यासमोर 'घेतो, रोज घेतो' म्हणतात आणि रिपोर्ट उलटा येतो. विचारायची काही वेगळी पद्धत आहे का?

उत्तर : 'गोळ्या रोज घेतोस ना?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. शिवाय आजी शेजारी बसलेली. मूल दुसरं काय बोलणार?

आधी मुलाला एकट्याला भेटा. दहा मिनिटं पुरतात. मग पालकांना, आणि शेवटी दोघांना एकत्र. सुरुवातीलाच सांगून टाका की तू सांगशील ते मी तुझ्या घरी सांगणार नाही, फक्त तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल. हे नंतर सांगितलं तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं.

मग प्रश्न असा टाका : 'बऱ्याच मुलांची महिन्यातून एखाद-दोनदा गोळी राहते. तुझी मागच्या भेटीनंतर कधी राहिली?' चुकणं गृहीत धरलं की मुलाला कबूल करायला वाट मिळते. त्यानंतर एक-एक दिवस मागं जा. काल रात्री? परवा? त्याच्या आदल्या दिवशी? तीन दिवसांपर्यंतचं बऱ्यापैकी आठवतं, त्यापुढं आठवण अंदाजावर जाते. म्हणून पुढचं प्रसंगांवरून काढा : मागचा रविवार, मावशीकडचं लग्न, जत्रा, चाचणी परीक्षा, पाळीचे दिवस, मुक्कामाची सहल. 'काल गोळी घेतलीस तेव्हा कुठं होतास? घरी कोण होतं?' असं विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

शेवटी कागदावर १० सेंटीमीटरची रेघ मारा. डावं टोक म्हणजे महिनाभर एकही नाही, उजवं टोक म्हणजे एकही चुकली नाही. फुली त्याला मारू द्या. तोंडी 'सगळ्या घेतो' म्हणणारी मुलंही फुली कधी कधी सातावर मारतात. तिथून बोलणं सुरू होतं.

नोंद करताना नुसती टक्केवारी लिहून थांबू नका, ही आमची कळकळीची विनंती. '८७ टक्के' वाचून पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. 'चारही रविवारी राहिली, रविवारी काकांकडे जातो, तिथं कुणाला माहीत नाही' असं लिहिलं तर उपाय समोरच दिसतो : शनिवारी रात्री खिशात एक सुटी गोळी. दोन्ही नोंदी एकाच मुलाच्या, ३० पैकी ४ चुकलेल्या.

तोंडी माहिती, गोळ्यांची मोजणी आणि डबी घ्यायला आल्याच्या तारखा, ही तिन्ही शेजारी-शेजारी मांडा. पाच तारखेला यायचं मूल बारा तारखेला आलं आणि घरी जुना साठा नव्हता, तर मधले सात दिवस त्यानं काय घेतलं? हा प्रश्न मोजणीत दिसत नाही, तारखेत दिसतो. व्हायरल लोड सगळ्यात भरवशाचा, पण त्यालाही मर्यादा आहेत. तो वर्षातून एकदा होतो. डोल्युटेग्रॅव्हिरवर लोड झपाट्यानं उतरतो, त्यामुळे तपासणीच्या आधी काही आठवडे नीट गोळ्या घेतल्या तरी रिपोर्ट चांगला येऊ शकतो. उलट रिपोर्ट वाईट असेल आणि मूल 'आता घेतो' म्हणत असेल, तर तेही खरं असू शकतं. रक्त मागच्या महिन्याचं होतं. केसांतून, लघवीतून किंवा वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून औषधाचं प्रमाण मोजण्याच्या पद्धती संशोधनात वापरतात. तुमच्या टेबलावर मात्र प्रश्न, डबी आणि तारीख हीच साधनं आहेत, आणि नीट वापरली तर ती पुष्कळ सांगतात.

आणखी एक. झोप, भूक, शाळेत मन लागणं, मित्र, यांबद्दल दर भेटीत विचारा. गोळी सोडण्यामागं विसरण्यापेक्षा उदासी असण्याचं प्रमाण या वयात कमी लेखलं जातं, असं आमचं मत आहे. मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

प्रश्न : महिन्यातून किती गोळ्या राहिल्या तर चालतात?

उत्तर : 'चालतात' असा आकडा मुलांना देऊ नका. केंद्रात ९५ टक्क्यांची रेघ धरतात. रोज एक गोळी असेल तर ३० पैकी १ राहिली की ९७ टक्के होतात, २ राहिल्या की ९३. म्हणजे एका महिन्यात दुसरी राहिली की रेघेच्या खाली. सुट्या-सुट्या चुकलेल्या गोळ्यांपेक्षा सलग चार-पाच दिवसांचा खंड जास्त घातक असतो, म्हणून सलग किती राहिल्या हे वेगळं विचारा.

राहिलेली गोळी आठवली की लगेच घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल, तर ती सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. दोन एकदम कधीच नाही.

प्रश्न : माझी भाची १२ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. तिला 'रक्त वाढायच्या गोळ्या' म्हणून सांगितलंय. आता ती विचारते, रक्त वाढलं तरी गोळ्या का? गेल्या महिन्यात आठ गोळ्या उशीखाली सापडल्या. तिला सांगायचं का? तिनं शाळेत कुणाला सांगितलं तर?

उत्तर : सांगायचं. बाराव्या वर्षी कारण माहीत नसलेली गोळी रोज घेणं कुणालाच जमणार नाही. मुलांना ६ ते १२ या वयात, समजेल तसं, टप्प्याटप्प्यानं सांगावं असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. तुमची भाची त्या वयाच्या टोकाला आली आहे आणि विचारायलाही लागली आहे. डबीवर औषधाची नावं छापलेली असतात. मोबाइलमध्ये टाकली की एका मिनिटात सगळं समोर येतं. एकटीनं, स्क्रीनवर, घाबरवणाऱ्या चित्रांसह कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

पण आज रात्रीच सांगू नका, आणि गोळ्या सापडल्याच्या रागात तर मुळीच नको. समुपदेशकाशी आधी एकट्यानं बोलून दोन-तीन भेटींचं ठरवा. पहिल्या भेटीत तिला काय ठाऊक आहे ते काढा. मुलांना आपल्याला वाटतं त्याहून बरंच माहीत असतं. दुसऱ्या भेटीत शरीराचे सैनिक, म्हणजे सीडी-४ पेशी, आणि त्यांना खाणारा विषाणू. गोळी त्या विषाणूला झोपवून ठेवते, गोळी थांबली की तो जागा होतो. तोपर्यंत नाव नाही. तिसऱ्या भेटीत नाव सांगा. त्या दिवशी तुम्ही शेजारी असायला हवं, दुसऱ्या दिवशी शाळेची परीक्षा नसावी, आणि घरी परतल्यावर तिला एकटीला ठेवू नये.

'मला कसं झालं?' हा प्रश्न येणारच. उत्तर खरं आणि साधं द्या : तू पोटात असताना किंवा जन्माच्या वेळी आईकडून आलं, तुझ्या आईलाही तेव्हा पूर्ण माहीत नव्हतं (असं असेल तरच), आणि यात तुझी काही चूक नाही. आईवर दोष येईल असा एकही शब्द नको. मग तिला सांगा की ही माहिती तिची स्वतःची आहे. कुणाला सांगायची ते ती ठरवील, पण ठरवण्याआधी तुमच्याशी बोलेल. 'कुणाला सांगायचं नाही हं!' अशी धमकी दिली की मुलीला ते लाजिरवाणं वाटायला लागतं.

सांगितल्यावर काही मुली आठवडाभर गप्प होतात, काही चिडतात, काहींच्या गोळ्या आणखी राहतात. याची तयारी ठेवा. एक-दोन आठवड्यांत पुन्हा केंद्रात न्या, गोळ्या मोजा, पण त्या भेटीत मोजणीवर बोलू नका.

प्रश्न : मी वसतिगृहाचा अधीक्षक आहे. एका मुलाच्या पालकांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. मुलगा १५ वर्षांचा आहे. मी काय करावं, कुणाला कळवावं?

उत्तर : कुणालाही कळवू नका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार लेखी संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून शाळेचा किंवा वसतिगृहाचा प्रवेश नाकारता येत नाही. शिपाई, स्वयंपाकी, इतर शिक्षक यांना कळण्याची काही गरज नाही. एकत्र जेवण, अंघोळ, खेळ यांतून हा संसर्ग होत नाही. खेळताना रक्त आलं तर हातमोजे घालून जखम बांधा. हा नियम सगळ्याच मुलांसाठी ठेवा.

गोळीची व्यवस्था अशी करा. मूळ डबी कुलपाच्या कपाटात, कोरड्या जागी. आतली ओलावा शोषणारी छोटी पुडी काढू नका. पुडी टाकून दिली आणि पावसाळा आला, की गोळ्या खराब होतात. दर रविवारी सात कप्प्यांच्या डबीत मुलानं स्वतः आठवड्याच्या गोळ्या भराव्यात आणि ती डबी त्याच्या कुलपाच्या पेटीत असावी. आठवड्याचीच भरा, महिन्याची नको. पुढच्या रविवारी त्याच वेळी कप्पे रिकामे आहेत का, ते तुम्ही बघा. रिकामा नसलेला कप्पा कोणत्या वाराचा, तेवढं वहीत टिपा. वहीत औषधाचं नाव नको, मुलाचं नावही नको, एखादी खूण पुरे. हजेरीच्या रांगेतून 'तू इकडे ये, औषध घे' असं हाकारणं म्हणजे सगळ्या वसतिगृहाला सांगणं.

रोज तुमच्यासमोर गोळी घ्यायला लावायची का? लोड वाढलेला असेल तर काही आठवडे जरूर. नेहमीसाठी नको, कारण सुटीत घरी गेल्यावर समोर कुणी नसतं आणि सवय तुटते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीआधी पुरेशा गोळ्या आहेत ना, हे पालकांशी बोलून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यानं जरूर घ्यावी, मात्र त्या दिवशी एचआयव्हीची गोळी रात्री असली की दोन्हींची गाठ पडत नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. दहावीनंतर दुसऱ्या शहरात कॉलेजला आलोय, तीन मित्रांसोबत रूमवर राहतो. लहानपणापासून गोळी रात्री नऊला. आता नऊला सगळे रूमवर असतात, म्हणून मी नंतर घेऊ म्हणतो आणि झोपून जातो. जिम लावलीय, प्रोटीन आणि मल्टिव्हिटॅमिन घेतो. डबी वाजते, तेही टेन्शन.

उत्तर : तुझी अडचण वेळेची आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे. तुझी वेळ रात्रीची ठरली तेव्हा बहुतेक मुलांच्या औषधात एफाव्हिरेन्झ असायचं. त्यानं गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून झोपताना द्यायचे. आता टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० अशी एकच गोळी असेल, तर ती दिवसात कधीही चालते, जेवणाआधी किंवा नंतर. काहींची तर रात्री घेतल्यानं झोप उडते. डबीवरची नावं बघ, डॉक्टरांना एकदा विचार आणि तुला सोयीची वेळ निवड. सकाळी दात घासताना बाथरूममध्ये एकटा असतोस ना? ब्रशच्या पाऊचमध्ये त्या दिवसाची गोळी ठेव. रात्रीवरून सकाळवर जाताना आदल्या रात्रीची घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू केलंस तरी एकदाचं चालतं, पण केंद्राला सांगून कर.

डबी वाजत असेल तर वर स्वच्छ कापूस भर. आतली पुडी तशीच राहू दे. एक-दोन गोळ्या छोट्या कोरड्या डबीत बॅगेत असू देत, आणि त्या दर महिन्याला बदल. मोबाइलच्या अलार्मला 'औषध' नाव देऊ नकोस, 'चार्जिंग' दे.

आता जिम. मल्टिव्हिटॅमिनमधलं कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम हे डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यात धरून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरतं. गोळी रोज घेऊनही लोड वाढतो, तो असा. म्हणून तुझी गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घे. कॅल्शियम किंवा लोह असेल तर पोटभर जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या पातळ औषधाला आणि चघळायच्या गोळ्यांना ही सवलत नाही. तिथं २ आणि ६ तासांचाच नियम. प्रोटीनच्या डब्यावर खनिजांची यादी असते, ती वाच.

नव्या शहरात केंद्र बदलायचं असेल, तर जुन्या केंद्रातून ट्रान्स्फरचं पत्र आणि ग्रीन बुक (उपचारांच्या नोंदींची वही) घे, आणि हातात किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या असताना नव्या केंद्रात नोंदणी कर. गोळ्या संपल्यावर निघालास, तर पहिल्या फेरीत कागद अपुरे निघतात आणि मध्ये खंड पडतो. जवळचं केंद्र कुठं आहे, ते १०९७ वर फोन करून कळतं, नाव सांगावं लागत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी या वयात माहीत असावं म्हणून सांगतो : गोळ्या नियमित घेऊन लोड सापडेनासा झाला, म्हणजे तपासणीत दिसण्याइतकाही विषाणू उरला नाही, आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. पुढं लग्न, मुलं, सगळं शक्य आहे.

प्रश्न : मुलीला टीबी निघाला. एचआयव्हीची एक गोळी वाढवून दिलीय. ती कधीपर्यंत? दोन्ही एकदम दिल्या तर चालतात का?

उत्तर : एकदम नको. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरला शरीरातून लवकर बाहेर टाकतं, म्हणून ५० मिलिग्रॅमची जादा गोळी १२ तासांनी देतात. सकाळी ८ वाजता नेहमीची असेल तर ही रात्री ८ वाजता. टीबीचं औषध संपलं तरी ती आणखी दोन आठवडे चालू ठेवायची असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. मोजणी दोन्ही डब्यांची वेगवेगळी करा, कारण मुलं नेहमीची घेतात आणि जादाचीच विसरतात.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. पोरगा १३ वर्षांचा, यंदा गावी आजीकडं राहणार. गोळ्यांचं कसं करायचं?

उत्तर : निघायच्या महिनाभर आधी केंद्रात जाऊन तुम्ही जाण्याची आणि येण्याची तारीख सांगा. मुलाची तब्येत स्थिर असेल आणि लोड आटोक्यात असेल, तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. व्हायरल लोडची तारीख हंगामात येत असेल, तर रक्त आधीच देता येईल का ते विचारा. आजींना वाचता येत नसेल, तर दिनदर्शिकेवर रोज गोळी घेतल्यावर एक टिकली लावायला सांगा. पंधरा दिवसांनी फोनवर टिकल्या विचारा आणि डबीत किती उरल्या तेही. दोन्ही जुळले पाहिजेत. मुलगा हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर वरचं अधीक्षकांना दिलेलं उत्तर वाचा. आणि तो तुमच्यासोबत कारखान्यावर आलाच, तर ग्रीन बुक घेऊन जवळच्या कुठल्याही एआरटी केंद्रात जा. तात्पुरत्या गोळ्या तिथंही मिळतात, परत पाठवत नाहीत.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची झाली. ती म्हणते, आता माझं मी बघते, डबी मोजू नका. गेल्या दोन वर्षांत तिचा लोड सापडलेला नाही. सोडून द्यावं का तिच्यावर?

उत्तर : तिचं म्हणणं रास्त आहे, पण एकदम सोडू नका. पहिला महिना गोळी तिनं घ्यायची आणि तुम्ही रोज रात्री फक्त एकदा बघायचं, विचारायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आठवड्याची डबी रविवारी तिनंच दाखवायची. त्यानंतर महिन्यातून एकदा, केंद्रात जाण्याच्या दिवशी. तारीख लक्षात ठेवणं, ग्रीन बुक सोबत घेणं, डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारणं हीसुद्धा तिचीच कामं. तुम्ही बाहेर बसा. मधली पायरी गाळू नका, कारण बरीच मुलं इथंच घसरतात : घरच्यांनी रागानं किंवा दमून एका दिवसात सगळं सोडलेलं असतं.

तिच्याशी आधीच ठरवून ठेवा की बारावीची परीक्षा, नवं हॉस्टेल, घरातलं आजारपण किंवा एखादं मोठं भांडण अशा वेळी चार आठवडे एक पायरी मागं यायचं, आणि ती शिक्षा नसेल. लोड २०० किंवा ५०० असा थोडा दिसला तरी तसंच करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर पुढचा लोड नेहमीप्रमाणे वर्षानं. तो रिपोर्ट तिच्या हातात पडू द्या, आधी तिला वाचू द्या.